विद्यार्थ्याचा गळ आणि सरकारचा परवाना

आमच्या शाळेंतला सातवीचा एक विद्यार्थी आज एकवीस दिवस झाले शाळेंत आलेला नाहीं. तो आजारी नाहीं, परगांवीं गेलेला नाहीं, अभ्यासाला कंटाळलेला तर मुळींच नाहीं. गणितांत तो वर्गाच्या पुढें आहे. त्याचा अपराध इतकाच कीं, एका रविवारीं सकाळीं गांवच्या तलावाच्या सांडव्यापाशीं बसून त्यानें गळ टाकला. दोन मरळ लागले. शेजारीं त्याची धाकटी बहीण हातानें झिंगे वेंचीत होती. तेवढ्यांत ठेक्याचा राखणदार आला. त्यानें गळाची काठी मोडली, टोपली लाथेनें उडविली, आणि पोराला दंडाला धरून पंचायतीच्या ओट्यावर आणून बसविलें. बाप जातीचा ढिवर. दुसऱ्याच्या बांधींत धान कापायला गेलेला. त्याला बोलावून आणला. पांचशें रुपये भर आणि ‘माझ्या मुलानें चोरी केली, पुन्हां करणार नाहीं’ असा कागद लिहून दे, नाहीं तर पोलिसांत देतों, असें त्याला सांगण्यांत आलें. बापाला लिहितां येत नाहीं. तेव्हां कागद लिहायला कोणाला बोलावलें? आम्हांला, शाळेच्या मास्तराला!

आणि आम्हीं तो लिहिला. वळणदार अक्षरांत लिहिला. अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें घालवून जें सुवाच्य अक्षर आम्हीं कमावलें, तें ‘चोरी’ हा शब्द लिहायला कामीं आलें. पोरगा आमच्या हाताकडे पाहत उभा होता. तो शाळेंत कां येत नाहीं, हें आम्हांस कोणीं सांगावयास नको. हा लेख म्हणजे त्या कागदावर आम्हीं उशिरां घेतलेली हरकत आहे. वाचकांनीं ती तशीच समजून घ्यावी.

कोणी म्हणेल, “मास्तर, दोन मरळांसाठीं एवढा आकांत कशाला?” आकांत मरळांसाठीं नाहीं. या देशांत रानांतलें पांखरूं आणि पाण्यांतली मासोळी धरण्याचा परवाना कोणाला मिळत आला, आणि गुन्हा कोणाच्या माथीं बसत आला, याचा हिशेब एकदां मांडला पाहिजे. तो मांडल्याशिवाय त्या पोराचा गळ कोणत्या कायद्यानें मोडला, हें कळणार नाहीं.

प्रथम शिकारीचें पाहूं. इंग्रजी अमदानींत शिकार हा साहेबाचा व संस्थानिकाचा शोक होता. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानांत आला. दिल्लीस दरबार झाला, आणि तेथून बादशहा नेपाळच्या तराईंत शिकारीला गेला. त्या एका शिकारींत त्याच्या मंडळीनें ३९ वाघ लोळविले. याच १९११ सालीं दुसरी एक गोष्ट झाली. गुन्हेगार जमातींचा १८७१ सालचा जो कायदा होता, तो नव्यानें व अधिक कडक करून सगळ्या मुलखाला लागूं करण्याजोगा केला गेला. त्या कायद्याच्या जाळ्यांत आमच्या इकडील फासेपारधी सांपडले. आतां वाचकांनींच न्याय करावा. एका फेरींत ३९ वाघ मारविणारा तो बादशहा, आणि पोटासाठीं फांशांत तित्तर धरणारा तो जन्माचा गुन्हेगार! मूल आईच्या पोटांत असतांनाच त्याच्या कपाळावर सरकारी शिक्का. सरगुजाच्या महाराजांनीं आपल्या हयातींत हजारावर वाघ मारल्याचें सांगतात. त्यांच्या घरच्या मुलांना कोणीं कधीं हजेरीला उभें केलें नाहीं.

याला अपवाद होते ते आमचे शाहू छत्रपति. शिकारीचा नाद महाराजांनाहि होता, तें कोणीं लपविण्याचें कारण नाहीं. पण रानाचा माग ज्याला कळतो तो माणूस लाख मोलाचा, हें त्यांनीं ओळखलें. त्यांनीं फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, राहायला जागा दिल्या, आणि १९१८ सालीं गुन्हेगार म्हणविल्या गेलेल्या जमातींची हजेरी आपल्या राज्यांत बंद केली. त्याच्या एक वर्ष आधीं, १९१७ सालीं, त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला. एका हातानें हजेरी बंद आणि दुसऱ्या हातानें शाळा उघडी! राजाला जें शंभर वर्षांमागें सुचलें, तें आपल्या लोकराज्याला अजून दोन निरनिराळ्या खात्यांचें काम वाटतें.

स्वराज्य आलें. १९५२ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. हा कायदा मुळांत झाला तेव्हां त्यांत शिकारीचे परवाने होतेच: खास शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, आणि जनावरें पकडण्याचा. ज्याच्यापाशीं बंदूक, फी भरायला पैसा आणि साहेबाच्या कचेरींत ओळख, त्याला ते मिळत. १९९१ सालच्या दुरुस्तीनें ते परवाने गेले. गेले तें उत्तम झालें. आम्ही येथें स्पष्ट सांगतों, म्हणजे उद्यां कोणी आमच्यावर भलताच आळ घेणार नाहीं: आम्हांस शिकार पुन्हां सुरू व्हावयास नको आहे. रान उजाड झालें, तित्तर-लावे दिसेनासे झाले, याचें दुःख रानांत राहणाऱ्याइतकें शहरांत राहणाऱ्याला व्हावयाचें नाहीं.

पण त्या कायद्यांत एक बारावें कलम आहे, तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक कांहीं खास कारणांसाठीं वन्य प्राणी पकडण्याचा वा मारण्याचा परवाना देऊं शकतो. त्या कारणांत पहिलें कारण कोणतें? ‘शिक्षण’! होय, शिक्षण. त्यापुढें शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालयासाठीं नमुने गोळा करणें, जीवरक्षक औषधासाठीं सापाचें विष काढणें, अशीं कारणें आहेत. त्यांतलें एकहि कारण खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सापाचें विष कोणीं काढलेंच नसतें, तर आमच्या धानाच्या मुलखांत सर्पदंशानें मरणाऱ्यांची गणती कोणी केली असती?

आमची तक्रार निराळी आहे. याच कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मोठी विस्तृत आहे. पांखरांचीं अंडीं काढणें, त्यांचें घरटें मोडणें, हेंहि तींत येतें. म्हणजे पारध्याच्या पोरानें झुडपांतलें तित्तराचें अंडें उचललें कीं ती शिकार. आणि विद्यापीठाचा विद्यार्थी गुरूची शिफारस व खात्याचा कागद घेऊन त्याच झुडपापाशीं आला, कीं तें शिक्षण. दोघेहि विद्यार्थीच. एकाचें पुस्तक छापलेलें आहे, दुसऱ्याचें पुस्तक त्याच्या आज्याच्या तोंडीं आहे. छापील पुस्तकवाल्याला कायद्यानें दार ठेवलें. तोंडच्या पुस्तकवाल्याला भिंत. आणखी गंमत ही कीं, तो विद्यापीठाचा विद्यार्थी रानांत आल्यावर तित्तर कोठें बसतो, किती वाजतां पाण्यावर येतो, कोणत्या झुडपाखालीं अंडीं घालतो, हें विचारतो कोणाला? पारध्याच्या पोरालाच! पदवी एकाला, आणि वर्दी मात्र दुसऱ्यावर.

सरकारला स्वतःला गरज पडली, कीं मात्र मारणाऱ्याची चणचण भासत नाहीं. २०१६ सालीं बिहारांत शेतीची नासाडी करणाऱ्या नीलगायी मारण्यासाठीं सरकारच्या परवानगीनें हैदराबादेहून बंदूकवाले आणविले गेले, आणि थोड्या दिवसांत दोनशेंहून अधिक नीलगायी पडल्या. त्या मारणें योग्य कीं अयोग्य, हा वाद वेगळा. पण दूरच्या शहरांतून बंदूकवाला आणतां येतो, आणि शेताच्या बांधावर जन्म काढलेल्या माणसाचें ज्ञान विचारांत घेतलें जात नाहीं, यावरून कायद्याची नजर कोणीकडे आहे तें कळतें.

एका योगायोगाची आठवण येथें होते. १८८२ सालीं सरकारनें शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं एक कमिशन नेमलें. त्याच्या अध्यक्षाचें नांव होतें हंटर, म्हणजे मराठींत शिकारी! त्या हंटरसाहेबाच्या कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, आणि रयतेच्या मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या करावर वरच्या वर्गाचें शिक्षण चालतें आणि त्याचीं स्वतःचीं पोरें अडाणी राहतात, हें त्यांनीं साहेबाच्या तोंडावर सांगितलें. पुढें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना त्यांनीं जंगलखात्यालाहि सोडलें नाहीं. शाळा आणि रान हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला एकाच वेळीं कां टोंचावे? कारण दोन्ही ठिकाणीं रयतेच्या पोराला एकच वाक्य ऐकावें लागत होतें: “हें तुझें नव्हे.” आमच्या तलावाच्या सांडव्यावर त्या पोराला हेंच वाक्य ऐकावें लागलें.

आतां तलावाकडे वळूं. शिकारीचा कायदा दिल्लीचा आहे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें वन्य प्राण्यांचा विषय राज्य व केंद्र या दोघांच्या समाईक यादींत गेला. पण मासेमारी हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टांत राज्याच्या यादींत आहे. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या गळाचा न्याय करायला दिल्लीकडे तोंड वेंगाडण्याची जरूर नाहीं. तो अधिकार आमच्याच विधानसभेपाशीं आहे. ज्यांना आम्ही मतें देतों, जे लग्नसराईंत आमच्या मांडवांत येऊन अक्षता टाकतात, त्यांच्याच हातांत ही दुरुस्ती आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यांतले हे माजी मालगुजारी तलाव कोणीं खोदले? गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी लोकांच्या कसबानें आणि गांवोगांवच्या कष्टकऱ्यांच्या घामानें ते झाले. १९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला याचा आनंद आमच्या वडिलांनीं केला. पण मालगुजाराच्या जागीं ठेका आला. तलाव सहकारी संस्थेच्या नांवानें ठेक्यावर दिला जातो. संस्था ढिवरांची, हें कागदावर उत्तम आहे, आणि जेथें संस्था खरोखर ढिवरांच्या हातीं आहे तेथें तिनें चांगलेंहि केलें आहे. पण आमच्या गांवासारख्या ठिकाणीं नांव संस्थेचें, पैसा तालुक्याच्या व्यापाऱ्याचा, राखणदार व्यापाऱ्याचा, आणि मासोळी रातोरात बर्फाच्या पेटींतून शहराला. ज्या ढिवराच्या नांवावर ठेका निघाला, त्याच ढिवराच्या पोराचा गळ त्या ठेक्याच्या राखणदारानें मोडला! मेलेल्या मालगुजाराला हें कळलें तर तो स्वर्गांत हंसत असेल.

कायद्यांत याला आधार नाहीं असें नाहीं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यांत कलम ३ मध्यें गांवसमाजाच्या हक्कांत मासे व पाण्यांतल्या इतर उत्पन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमांत शिकारीचा व फांसे लावण्याचा परंपरागत हक्क मात्र स्पष्टपणें वगळलेला आहे. म्हणजे कायदा करणारानें रान व पाणी यांत फरक केला: पांखरूं नको, पण मासोळी चालेल. हा फरक आम्हांस मान्य आहे. १९९६ सालच्या पेसा कायद्यानेंहि अनुसूचित क्षेत्रांत लहान जलाशयांचा कारभार पंचायतीकडे सोंपविण्याचें तत्त्व मान्य केलें. पण हे हक्क मिळायचे तर वनहक्काचा दावा मंजूर व्हावा लागतो, किंवा गांव अनुसूचित क्षेत्रांत असावा लागतो. आमच्यासारख्या अध्यामध्या गांवांतल्या तलावावर शाळकरी पोराचा गळ कोणत्या हक्कांत बसतो? कोणत्याच नाहीं. तेथेंच भोक आहे, आणि तेथेंच ठिगळ पाहिजे.

परदेशांत काय करतात तेंहि पाहूं. कारण आमच्या सुशिक्षितांना गांवच्या म्हाताऱ्यापेक्षां अमेरिकेचें ऐकणें अधिक मानवतें. अमेरिकेंत शिकार व मासेमारी यांचे परवाने प्रत्येक राज्य आपापलें देतें. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत सोळा वर्षांखालील मुलाला गळानें मासे धरायला परवानाच लागत नाहीं. न्यू यॉर्कांत तर दुसऱ्या राज्यांतून येऊन तेथें राहून पूर्ण वेळ कॉलेजांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाहि परवाना परक्याच्या चढ्या दरानें नव्हे, रहिवाशाच्या दरानें मिळतो. जो येथें शिकतो तो येथला, हा त्यांतला विचार. आणि आमच्याकडे? जो येथें जन्मला, ज्याच्या आज्यानें या तलावाची पाळ बांधली, तोच परका!

पण अमेरिकेचें सगळेंच सोनें नाहीं. तेथेंहि परवान्याच्या नांवाखालीं मूळ रहिवाशांच्या पोरांना लुबाडलेंच आहे. वॉशिंग्टन राज्यांत निस्क्वाली नांवाची नदी आहे. तिच्या कांठच्या आदिवासींनीं १८५४ च्या तहांत जमीन दिली, पण नेहमींच्या जागीं मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तरी १९४५ सालीं बिली फ्रँक नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच नदीवर मासे धरल्याबद्दल पकडण्यांत आलें. चौदा वर्षांचा! आमच्या सातवीच्या पोरापेक्षां वर्ष-दोन वर्षांनीं मोठा. तो मुलगा घाबरून घरीं बसला नाहीं. पुढें तो पन्नासाहून अधिक वेळां पकडला गेला, आणि पन्नासाहून अधिक वेळां पुन्हां नदीवर गेला. अखेर १९७४ सालीं बोल्ट नांवाच्या न्यायाधीशानें तह खरा धरला आणि धरण्याजोग्या माशांपैकीं निम्मा वांटा त्या जमातींचा, असा निकाल दिला. १९७९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल उचलून धरला. बिली फ्रँक २०१४ सालीं वारला, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारनें त्याला देशांतला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ज्याला चोर म्हणून धरलें त्यालाच पदक! पण मधल्या सत्तर वर्षांचें काय? आमच्या पोराला सत्तर वर्षांनीं पदक नको. त्याला सोमवारीं शाळेंत येतां आलें पाहिजे.

आतां आमच्यावर जे आक्षेप येतील ते आम्हीच मांडतों, म्हणजे कोणाला तसदी नको.

पहिला आक्षेप: “ठेकेदार मत्स्यबीज सोडतो, बोटुकली विकत आणतो, त्याचे मासे फुकट कां न्यावे?” हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तरहि सोपें आहे. रोहू, कटला, मृगळ हे ज्यानें पेरले त्याचेच. पण मरळ, झिंगे, खेकडे हे कोणीं पेरले? ते तलावाबरोबरच आले. पेरलेलें पीक मालकाचें, हें कोणीहि शेतकरी मान्य करील. पण बांधावरची तरोट्याची भाजी खुडली म्हणून कोणी कोणाच्या पोराला चोर म्हणत नाहीं. कटला गळाला लागला तर सोडून द्यावा, एवढें आमच्या पोरांना सांगितलें तर कळतें.

दुसरा आक्षेप: “पोरांना मोकळीक दिली तर मासोळीचा नाश होईल.” मासोळीचा नाश गळानें होत नाहीं. तो होतो पाण्यांत विष कालविल्यानें आणि सुरुंग लावल्यानें. म्हणूनच १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेंसुद्धां बंदी केली ती विषाला व सुरुंगाला. इंग्रजालाहि जो फरक कळला तो आम्हांस कळूं नये? ढिवराचा पोर चढणीच्या दिवसांत, मासोळी अंडीं घालायला प्रवाहाच्या उलट चढते तेव्हां, तिच्या वाटेला जात नाहीं. आजीनें त्याला बजावलेलें असतें कीं, गाभोळी मासोळी मारली तर पुढच्या सालीं हंडी रिकामी. हें शास्त्र आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं. असतें तर आम्हीच त्याच्यापासून शिकलों असतों.

तिसरा आक्षेप आमच्याच बिरादरीचा, म्हणजे मास्तर लोकांचा: “पोरांना मासे मारायची सवलत दिली, तर तीं शाळेंत येतील कशाला?” आम्हीहि हें वाक्य अनेकदां बोललों आहों, “मासे मारशील कां शाळा शिकशील?” असें त्याच पोराला आम्हीं वर्गांत विचारलें होतें, हें कबूल करतों. पण त्याचा जन्मभराचा अनुभव एका बाजूला आणि आमची शाळा दुसऱ्या बाजूला, अशी निवड त्याला करायला लावणारे आम्ही कोण? बालकामगार कायद्याच्या २०१६ सालच्या दुरुस्तीनें शाळेच्या वेळेनंतर व सुटींत घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा मुलाला दिली आहे. म्हणजे मजुरीच्या कायद्यानें जें चालतें, तें ठेक्याच्या करारानें चोरी ठरतें! आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखालीं शिकावें, असें त्यांत आहे. सुतार आला, कुंभार आला. मग ढिवर कोठें गेला? त्याच्या हाताखालीं शिकायला आम्ही वर्ग तलावावर नेला, तर राखणदार काठी घेऊन उभा.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आमच्या चळवळींतल्याच विचारी माणसांचा आहे: “ढिवराच्या पोरानें ढिवरच राहावें, पारध्याच्या पोरानें पारधीच राहावें, असें तर तुम्हांस म्हणायचें नाहीं ना? जातीचा धंदा जातीच्या गळ्यांत बांधणें हेंच तर जुन्या शास्त्राचें काम होतें.” नाहीं, हजारदां नाहीं! त्या पोरानें डॉक्टर व्हावें, इंजिनियर व्हावें, मत्स्यखात्याचा साहेब होऊन याच तलावाच्या ठेक्यावर सही करावी. पण धंदा सोडणें ही त्याची मर्जी असली पाहिजे. राखणदाराची लाथ नव्हे. ज्याला बापाचा गळ चोरी वाटूं लागला, त्याला बापाची लाज वाटूं लागते. आणि ज्याला बापाची लाज वाटते, तो शिकून मोठा झाला तरी आपल्या माणसांचा राहत नाहीं. जात सोडवायची आहे. माणसाचें कसब हिरावून घ्यायचें नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत जुन्या शास्त्रानें केली तशी नव्या कायद्यानेंहि करूं नये.

तेव्हां आमच्या मागण्या अशा आहेत. विधानसभेच्या सभासदांनीं त्या वाचाव्या, आणि ज्यांना वाचायला वेळ नाहीं त्यांना मतदारांनीं वाचून दाखवाव्या.

पहिली: राज्याच्या मत्स्यव्यवसायाच्या कायद्यांत दुरुस्ती करून, सोळा वर्षांखालील मुलांना व शाळेंत नांव असलेल्या कोणाहि विद्यार्थ्याला सरकारी, पंचायतीच्या वा ठेक्यावर दिलेल्या तलावांत, नदींत व नाल्यांत गळानें किंवा हातानें घरखर्चापुरते मासे धरण्यास परवाना, फी वा ठेकेदाराची संमति लागूं नये.

दुसरी: ही सवलत पेरलेल्या जातीच्या माशांस, विष-सुरुंगास, मोठ्या जाळ्यास आणि अंडीं घालण्याच्या काळास लागूं नसावी. आम्हांस लूट नको, हक्क हवा.

तिसरी: ठेक्याच्या प्रत्येक करारांत ही अट लिहावी, आणि मुलाला मारहाण करणाऱ्या किंवा त्याच्या पालकाकडून परस्पर दंड वसूल करणाऱ्या संस्थेचा ठेका रद्द व्हावा. गुन्हा झाला असेल तर त्यासाठीं कायदा आहे, कचेरी आहे. पंचायतीचा ओटा हें न्यायालय नव्हे.

चौथी: वन्यजीव कायद्यांतील ‘शिक्षण’ या शब्दाचा अर्थ सरकारनें रुंद करावा. पारध्याच्या पोराला तित्तर मारायची परवानगी आम्ही मागत नाहीं. पांखरांची गणती, माग काढणें, घरट्यांची राखण या कामांत खात्यानें त्याला व त्याच्या बापाला पगारी सहाय्यक म्हणून घ्यावें, आणि त्या कामाची नोंद त्याच्या शाळेच्या दाखल्यावर व्हावी. शाहू छत्रपतींनीं जें केलें त्याहून हें एक पाऊलहि पुढें नाहीं.

पांचवी मागणी सरकारकडे नाहीं, आमच्याच भाईबंद शिक्षकांकडे आहे. आपल्या अक्षराचा उपयोग कोणासाठीं होतो, तें प्रत्येकानें पाहावें. गांवांत लिहिणारा माणूस आजहि फार मोठा असतो. त्याच्या हातून माफीचा कागदहि लिहिला जातो आणि हक्काचा अर्जहि. आम्हीं माफीचा लिहिला. त्याचें पाप फेडायला येत्या ग्रामसभेंत आम्ही उभे राहून वरील मागण्यांचा ठराव मांडणार आहों. वाचकांनीं आपापल्या गांवीं तोच ठराव मांडावा. चार ओळींचा कागद आहे, लिहायला कोणी नसेल तर शाळेंतल्या मास्तराला बोलवा, आणि तो नाहीं म्हणाला तर हा लेख त्याच्या पुढें ठेवा.

काल संध्याकाळीं आम्ही त्या पोराच्या घरीं गेलों. आंत जायला लाज वाटली, म्हणून अंगणांत उभे राहिलों. बाप घरीं नव्हता. पोरगा ओसरीवर बसून नवी काठी तासत होता. आम्हीं त्याला सांगितलें कीं, तो कागद आम्हीं चुकीचा लिहिला. तुझी चोरी नव्हती. तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “गुरुजी, मग पांचशें रुपये परत मिळतील कां?”

याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. तें विधानसभेनें द्यावें.